सावकाराचे पंचांग

पालघरच्या किनाऱ्यावर, तारापूरला खेटून असलेल्या चिंचणीत विसाव्या शतकाच्या मध्याला काही ताम्रपट हाती लागले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले. त्यांतला एक शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. संजाणचा कारभार तेव्हा एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे सोपवलेला होता. ताम्रपटात त्याचे नाव मधुमती असे येते. महंमद या नावाचे ते संस्कृत रूप. या मधुमतीने दोन प्रवाहांवर फुकटची होडी सुरू केली आणि संजाणला अन्नछत्र घातले. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मोफत मिळे, अशी नोंद आहे. ते अन्नछत्र कोणत्या पर्वणीला उघडायचे हे काही लिहिलेले नाही. लिहिण्याची गरजही नव्हती. होडीतून उतरलेल्या माणसाला भूक लागते, ती तिथी पाहून लागत नाही. याच संजाणच्या परिसरातले एक गाव त्याआधी ५५ वर्षे, शके ७९३मध्ये, अमोघवर्षाने ब्राह्मणांना दान दिले होते. ते मात्र उत्तरायणाच्या महापर्वावर. एकाच मुलखात, एकाच राजवंशाच्या छत्राखाली दानाच्या या दोन रीती नांदत होत्या. एकीत आकाशाकडे पाहून वेळ ठरे, दुसरीत दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहून. दानाच्या शुभकाळाविषयी आज आपण बोलतो तेव्हा फक्त पहिलीच रीत डोळ्यांपुढे असते. दुसरी परंपरेबाहेरची आहे असे मात्र नाही.

याज्ञवल्क्य स्मृती या बाबतीत स्पष्ट आहे. पात्र माणसाला दान रोज द्यावे, निमित्त असेल तेव्हा विशेष द्यावे, आणि कोणी मागितले तर ऐपतीप्रमाणे श्रद्धेने द्यावे, असा तिचा क्रम आहे. ‘रोज’ आधी येते, ‘विशेष’ नंतर. या स्मृतीवर मोठी टीका लिहिणारा अपरार्क म्हणजे बाराव्या शतकातला उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य. त्याचे राज्य ठाण्याचे, त्यामुळे आजच्या पालघरच्या किनाऱ्याला हा ग्रंथ परका नाही. पुढे देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’त दानाला एक अख्खा खंड दिला. अमावास्या, संक्रांत, विषुव, अयन, ग्रहण अशा पर्वकाळी दिलेल्या दानाचे फळ शतपट, सहस्रपट होत जाते, हा हिशेब अशाच ग्रंथांतून घरोघरच्या पंचांगात उतरला. नित्य आणि नैमित्तिक या दोन प्रकारांतला नित्य हा प्रकार हळूहळू विस्मरणात गेला. नैमित्तिकाला जाहिरात होती, नित्याला नव्हती. गुणाकाराचे आकर्षण माणसाला नेहमीच असते. एकाला हजार मिळत असतील तर मंगळवारी साधा एक कोण देईल?

पर्वकाळांकडे थोडे जवळून पाहिले तर मात्र एक गोष्ट लक्षात येते. कोणत्या वेळी काय द्यायचे याची यादी विलक्षण व्यवहारी आहे. वैशाखात अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घट, पंखा, छत्री, पादत्राणे. पौषात संक्रांतीला तीळ, गूळ, उबदार वस्त्र. दिवस लहान होत जातात त्या कार्तिकात दिवा. चैत्र-वैशाखात पाणपोई घालणे हे तर वेगळे पुण्यकर्मच मानले गेले. ही यादी ज्याने केली त्याची नजर ग्रहांवर असेल, पण त्या नजरेच्या कोपऱ्यात घेणारा माणूस होता. रात्री दान देऊ नये असा नियम सांगणारे ग्रंथ लगेच अपवादही सांगतात. ग्रहण, संक्रांत, लग्न, पुत्रजन्म हे त्यांत आहेतच. पण भ्यालेल्याला अभय आणि वाटसरूला आसरा द्यायलाही रात्रीची आडकाठी नाही. अन्नदानात तर पात्रापात्रतेचा विचारच बाजूला ठेवला आहे, कारण तिथे भूक हीच पात्रता. म्हणजे गरज तातडीची असेल तिथे शास्त्र स्वतःच मुहूर्त बाजूला ठेवते.

मुहूर्ताचे बळ खरोखर आकाशातल्या नेमक्या क्षणात असते तर मकर संक्रांतीने आपल्याला केव्हाच अडचणीत आणले असते. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. संक्रांत येते १४-१५ जानेवारीला. अयनचलनामुळे हे अंतर शतकानुशतके वाढत गेले आणि आज ते तीन आठवड्यांहून अधिक झाले आहे. अमोघवर्षाच्या काळी ते काही दिवसांचेच होते. खगोलशास्त्राच्या दृष्टीने आपण उत्तरायणाचे दान तीन आठवडे उशिरा देतो, आणि त्यामुळे आपले पुण्य बुडाल्याची तक्रार एकाही शास्त्रीबुवांनी केल्याचे ऐकिवात नाही. तारीख सरकली, दान टिकले. एकदा सरकलेली तारीख विचारपूर्वक आणखी सरकवता येणार नाही, असे कोणी म्हणू नये.

ती कुठे सरकवायची, हे ठरवायला पालघर जिल्ह्यात पंचांग उघडावे लागत नाही, कणगी उघडावी लागते. बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीने सारवलेली कणगी वारली-कोकणा घरात एका कोपऱ्यात उभी असते. दिवाळीच्या सुमाराला भात झोडपून झाले की ती भरते. वरून झाकण काढून हात घातला की दाणे हाताला लागतात. होळीनंतर हात कोपरापर्यंत जाऊ लागतो. पहिल्या पावसाला, पेरणीसाठी बी बाजूला काढले की, आत वाकावे लागते. आषाढात बोटे तळाच्या शेणाला टेकतात. तिथून नवा भात कापणीला येईपर्यंतचे तीन-साडेतीन महिने शेवळे, टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब आणि उधारी यांवर निघतात. रेशनचा तांदूळ आल्यापासून ही दरी पूर्वीइतकी खोल राहिली नाही, पण ती भरूनही निघालेली नाही. जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी १९९२-९३मध्ये साऱ्या महाराष्ट्राला हादरवले, तेव्हा हा जिल्हा ठाण्याचाच भाग होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी तो वेगळा झाला. किनाऱ्यावर सातपाटी, मुरबे, दांडी, उच्छेळी या गावांत टंचाईचे महिने तेच, कारण जून-जुलैत मासेमारीवर बंदी असते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत घरात रोकड येत नाही. डोंगरातल्या मोखाड्याचे आणखी वेगळे. धो धो पावसाच्या आणि मुंबईला पाणी पुरवणाऱ्या वैतरणेच्या या तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत पाड्यांवर टँकर जातात.

हे पंचांग एका माणसाला तोंडपाठ होते, तो म्हणजे सावकार. त्याने कधी चुकीच्या महिन्यात पैसे दिले नाहीत. आषाढात दाणे, भाद्रपदात रोकड, लग्नसराईत लग्नाचा खर्च. या शेवटच्या कर्जातून ‘लग्नगडी’ निर्माण झाला. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा रुपयांपोटी नवरा आणि नव्याने आलेली नवरी दोघेही जमीनदाराकडे वेठीला जुंपली जात. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सारे नोंदवून ठेवले आहे. आज सावकाराच्या जागी वीटभट्टीचा मुकादम आला, पण वेळ बदलली नाही. गणपती ते दिवाळी या काळात, म्हणजे कणगी रिकामी आणि सण तोंडावर असताना, तो पाड्यावर उचल वाटतो. दिवाळीनंतर एका टेम्पोत कुटुंब चढते. हंडा, तवा, गोधड्या, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि शाळेच्या पटावर नाव असलेली मुले त्याच टेम्पोत. भिवंडी, वसई, कल्याणच्या भट्ट्यांवर पावसाळ्यापर्यंत ती उचल फेडायची. पैसा तोच असतो. तो ज्या पंधरवड्यात हातात पडतो त्यावर पुढचे सात महिने कोणाचे, हे ठरते. योग्य काळी दिलेल्याचे फळ अनेक पटींनी मिळते, हा धर्मशास्त्राचा सिद्धांत इतका तंतोतंत दुसऱ्या कोणी राबवला असेल असे वाटत नाही.

आता देणाऱ्याचे पंचांग पाहू. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, पालघरच्या बाजारपेठेत, मुंबईहून शनिवारी-रविवारी गाडी भरून येणाऱ्या मंडळांत दानाचे दिवस ठरलेले असतात. दिवाळीचा फराळ आणि कपडे. संक्रांतीची ब्लँकेटे. दोन्ही वाटपे होतात तेव्हा भात नुकता घरात आलेला असतो, किंवा अर्धा पाडा भट्टीवर गेलेला असतो आणि रांगेत म्हातारी माणसे उभी राहतात. त्यात एक नवे पर्व सामील झाले आहे, ३१ मार्च. कंपनी कायद्याच्या कलम १३५नुसार ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक निव्वळ नफा असलेल्या, किंवा ठरावीक उलाढाल वा नक्त मूल्य ओलांडणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चायची असते. हे १ एप्रिल २०१४पासून लागू झाले. वैयक्तिक देणगीवर आयकराची सवलत हवी, तर पावतीवर मार्चअखेरची तारीख चालते, एप्रिलची पुढच्या वर्षात जाते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये अशा मुलांना दप्तरे मिळतात, ज्यांची शाळा महिन्याभरात सुटणार असते. चंद्र-सूर्य पाहून ठरवलेल्या मुहूर्ताला अंधश्रद्धा म्हणणारा हिशेबनीस या दुसऱ्या मुहूर्तापुढे हात जोडून उभा असतो. गंमत अशी की धार्मिक पर्वाला निदान ऋतूचा आधार होता. ३१ मार्चला तोही नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की दिवस ठरलेला असतो म्हणून तर माणूस देतो. ‘गरज पडेल तेव्हा देऊ’ म्हणणारा बहुधा कधीच देत नाही. हे खरे आहे आणि ते मी पूर्णपणे मान्य करतो. मुहूर्ताचा मोठा उपयोग हाच आहे की तो चालढकल संपवतो. म्हणून मुहूर्त मोडीत काढा, असे या लेखाचे म्हणणे नाही. परंपरेने इतके दिवस देऊन ठेवले आहेत की त्यांतून निवड करायला भरपूर वाव आहे, आणि आपण मात्र देणाऱ्याला सोयीचे दोन-तीनच उचलले आहेत. आषाढातली अमावास्या घ्या. दिव्यांची अमावास्या म्हणून घरातले दिवे पुसून पुजले जातात. आपल्या ठाणे-पालघरात तिला गटारी म्हणून अधिक मान आहे, तो भाग वेगळा. शास्त्राप्रमाणे ती पर्वतिथी आहे आणि कणगीचा तळ लागतो तो हाच पंधरवडा. किंवा अधिक मास घ्या. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणारा हा महिना दानासाठीच राखलेला. २०२३मध्ये अधिक श्रावण १८ जुलैला सुरू होऊन १६ ऑगस्टला संपला, म्हणजे टंचाईच्या ऐन मध्यावर. त्या महिन्यात मराठी घरांतून काय दिले गेले? तेहतीस अनारसे, ताम्हनात, दिव्यासह, जावयाला. जावयांविषयी आकस नाही. पण अन्नदानासाठी भूक हीच पात्रता ठरवणाऱ्या शास्त्रकारांच्या डोळ्यांपुढे तो नसावा.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो जोतीराव फुल्यांचा आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’च्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी जन्मापासून मरणापर्यंत आणि चैत्रापासून फाल्गुनापर्यंत शेतकऱ्याकडून कोणकोणत्या निमित्ताने दक्षिणा उकळली जाते त्याची यादी दिली आहे. ती वाचल्यावर पंचांग म्हणजे वसुलीचे वेळापत्रक वाटू लागते. दानाचे शुभकाळ ज्यांनी लिहिले, घेणारेही तेच होते, मग त्यांत गरिबाची सोय कुठून शोधता, असा हा प्रश्न आहे. त्याला सोपे उत्तर नाही. पुण्याच्या पेशव्यांचा रमणा हा त्याचा सज्जड पुरावा. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी हजारो ब्राह्मण जमत आणि त्यांना दक्षिणा वाटली जाई. महिना अगदी अचूक होता, मावळातल्या कुणब्याच्या घरात दाणा नसण्याचा. पात्र मात्र अगदी दुसरे. इंग्रजांनी त्या दक्षिणेतला काही पैसा १८२१मध्ये पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. उलट बाजूला ग्रहणात ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ ही आरोळी ऐकू येई ती अस्पृश्य मानलेल्या वस्तीतून. तिथे गरीब माणसाला दान मिळे, पण ते आपले अरिष्ट त्याच्या झोळीत टाकण्यासाठी. फुल्यांचा आरोप या दोन्हींना लागू पडतो. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष, पात्र बदला, हा आहे. काळाचे भान टाकून द्या, असा तो नाही. श्रावण चुकीचा नव्हता, रांग चुकीची होती.

तिसरा आक्षेप डाव्या बाजूने येतो आणि पालघरमध्ये तो सर्वांत जास्त ऐकायला मिळतो, मिळायलाही हवा. आदिवासीला दान कशाला, त्याला हक्क द्या. ज्यांच्या जमिनीवर धरणे झाली, ज्यांचे अक्करपट्टी-पोफरण तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी उठवले गेले, त्यांना ब्लँकेट देऊन फोटो काढणे ही थट्टाच आहे. हे सर्व मंजूर. पण हक्काची लढाईसुद्धा काळ ओळखूनच जिंकली जाते. १९४५चा वारल्यांचा संप आठवावा. मुंबईच्या तबेल्यांना जाणारे गवत कापायचे दिवस होते, ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये ही मागणी होती. गवत वेळेत कापले नाही तर ते वाळून मातीमोल होते. त्या काही आठवड्यांत जमीनदार गरजू होता आणि वारली नव्हता. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी पडले, तरी संप टिकला. तोच संप वैशाखात केला असता तर? उलट सरकारने दिलेला हक्क वेळ चुकवतो तेव्हा काय होते, हेही याच जिल्ह्याने पाहिले आहे. खावटी हा शब्दच पावसाळ्यातल्या खाण्याशी जोडलेला. २०२०मध्ये टाळेबंदीनंतर शासनाने खावटी अनुदान मंजूर केले, कुटुंबाला ४००० रुपये, त्यांतले २००० रोख आणि २००० रुपयांच्या वस्तू. योजना उत्तम होती. ती हाती पडायला २०२१ उजाडले. मधल्या दिवाळीनंतर टेम्पो आले होतेच. २००५च्या रोजगार हमी कायद्यात मजुरी १५ दिवसांत देण्याची अट घातली गेली ती काही कारकुनी हौस म्हणून नव्हे. उशिरा मिळणारी मजुरी माणसाला पुन्हा उचल देणाऱ्याकडे पाठवते, हे ती अट लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. तेव्हा दान की हक्क हा वाद ज्याला घालायचा त्याने घालावा. वेळेचा प्रश्न दोन्ही पक्षांना सारखाच लागू आहे.

वेळ घेणाऱ्याकडून ठरवायची, ही कल्पना कोणाला फारच आधुनिक वाटत असेल तर शेजारच्या घरात डोकवावे. रमजानच्या शेवटी द्यायचा फित्रा ईदच्या नमाजाआधी गरिबाच्या हातात पडला पाहिजे, असा इस्लाममध्ये दंडक आहे. कारण सरळ आहे, सण त्याच्याही घरी व्हायला हवा. नमाजानंतर दिले तर ते साधे दान होते, फित्रा होत नाही. मधुमतीच्या अन्नछत्रापासून हा विचार या किनाऱ्यावर आहे आणि तो सांगायला त्या काळी ब्राह्मणी संस्कृत आणि राष्ट्रकूटांचा तांब्याचा पत्रा चालला. चिंचणीच्याच आणखी एका ताम्रपटात, शके ९५६च्या, देवीच्या देवळात दिवा तेवत राहावा म्हणून तेलाचा घाणा दान दिल्याचे आहे. तेलाची बुधली दिली असती तर दिवा आठवडाभर जळला असता. देणाऱ्याने घाणा दिला. पर्व त्याने कोणतेही पाळले असो, दान असे निवडले की पर्व संपल्यावर ते थांबू नये.

बोईसर-पालघरच्या देणाऱ्यांपुढे असे पर्याय उघडे आहेत. अक्षय्य तृतीयेचा उदककुंभ मोखाड्याच्या पाड्यावर टाकी किंवा विहिरीच्या दुरुस्तीच्या रूपाने पोहोचू शकतो. मार्चमध्ये मंजूर झालेला कंपनीचा पैसा जूनसाठी राखता येतो. चालू प्रकल्पाची शिल्लक वेगळ्या खात्यात ठेवण्याची सोय कायद्यातच आहे. संक्रांतीच्या ब्लँकेटांचा खर्च वळवून गावात धान्यकोश उभा करता येतो, ज्यातून आषाढात नेलेले पोतेभर भात कार्तिकात व्याजाविना परत येईल; घेणाऱ्याला रांगेत उभे राहावे लागत नाही आणि फोटोही निघत नाही, म्हणून कदाचित ही सूचना फारशी लोकप्रिय होणार नाही. सर्वांत निकडीचा पंधरवडा मात्र पितरांचा. वाडवळ, भंडारी, मांगेला, वारली, सगळेच आपापल्या रीतीने पितर घालतात, आणि त्या दिवसांत दिलेले पूर्वजांना पोहोचते असे मानतात. भाद्रपद वद्य प्रतिपदेला पितृपक्ष सुरू होतो, तेव्हा मुकादमाची मोटरसायकल पाड्यावर फिरत असते.